वहिनीचं ‘बरं झालं’

रविवारी दुपारी आम्ही घरचे सगळे टीव्हीवर एका सुपरहिरोची मालिका बघत बसलो होतो. त्या उडणाऱ्या नायकानं एका चोराला उचलून उंच आभाळात नेलं. चोर हात जोडून रडत होता. नायक हसला आणि त्यानं त्याला तिथूनच खाली टाकलं.

"बरं झालं!" वहिनी म्हणाली. घरात शिरलेल्या पालीलाही न मारता हळूच बाहेर काढणारी आमची वहिनी! सगळे हसले. मीही हसलो.

मटार सोलता सोलता आई थांबली. "अगं, पण तो हात जोडत होता ना?"

मला आत कुठेतरी अस्वस्थ वाटू लागलं. एवढा राग आमच्या घरात कधीपासून राहत होता?

वहिनीनं रिमोट उचलला. मला वाटलं, आता बंद करील. तिनं आवाज वाढवला.