मधूचं फिट्झरॉय

मधू गेल्याचं मला शाळेत कळलं. सातवीच्या मुलींना मी भूगोल शिकवत होते. मोठ्या बाई वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आणि मी हातातला खडू ठेवून बाहेर आले. वरळीच्या बीडीडी चाळींत तो सकाळी मोजमापाच्या कामाला गेला होता. तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना छातीत कळ आली म्हणून पायरीवर बसला, तो बसलाच... चाळीतल्या माणसांनी त्याला उचलून टॅक्सीत घातलं, हॉस्पिटलपर्यंत नेलं, पण सगळं जिन्यातच आटोपलं होतं म्हणे. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ज्याला कडेवर घेऊन मी आमच्या गिरगावच्या चाळीतल्या गॅलरीत येरझारा घातल्या, त्याच्यावर मी हे असलं लिहायचं म्हणजे उलटा न्याय झाला. पण देवाला न्याय विचारायला मी काही वकील नाही, मास्तरीण आहे. जे आठवतं ते क्रमाने सांगते.

मधू नगररचनेच्या खात्यात होता. शहरात रस्ता कुठून काढायचा, कुठली वस्ती ठेवायची, कुठली पाडून नवी बांधायची, असलं त्याचं काम. पाच वर्षांपूर्वी त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि दोन वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला, जायचं ठरलं. आमचे वडील केव्हाच गेलेले. घरात आई, मी आणि तो. चाळीतल्या बायकांनी आईला विचारलं, विलायतेला चालला का? आई म्हणाली, नाही, त्याच्याही खाली. मी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणून तिला दाखवला, की इथे थंडी असते तेव्हा तिथे उन्हाळा असतो. तिने गोल फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाली, तुझ्या शाळेतलं तुझ्या शाळेत ठेव, पौषात कुठे उन्हाळा असतो का! आणि लोकरीचे दोन स्वेटर, मेतकुटाचा डबा नि लसणीची चटणी बांधून मुलाला बोटीवर चढवलं.

तिथे त्याला शहराबाहेरच्या एका नीटनेटक्या वस्तीत खोली मिळाली होती. घरासमोर हिरवळ, रस्त्यात चिटपाखरू नाही. शिकवणाऱ्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं, की शहराच्या पोटाला चिकटून फिट्झरॉय, कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड अशा जुन्या वस्त्या आहेत, त्या गलिच्छ आहेत, लवकरच पाडायच्या आहेत, तिकडे बघण्यासारखं काही नाही. मधूला लहानपणापासून 'तिकडे जाऊ नकोस' म्हटलं की त्याचे पाय तिकडेच वळत. दर रविवारी ट्रामने जायचं, भलत्याच थांब्यावर उतरायचं आणि पायी हिंडायचं. मग घरी पत्र. एकाला एक चिकटलेली घरं, पुढे लोखंडी नक्षीच्या कठड्याची गॅलरी, अगदी ठाकूरद्वारच्या चाळीसारखी. मागच्या बाजूला काळ्या दगडांनी फरसबंद केलेली अरुंद गल्ली, आपल्या घरगल्लीचीच बहीण, कारण संडास मागच्या अंगाला. एका रस्त्याला चॉकलेटच्या कारखान्याचा वास, पुढच्याला चामड्याचा. गिरण्यांची धुरांडी. नव्याने आलेल्या इटालियन लोकांनी अंगणात टोमॅटो लावलेले, आणि शेजारची म्हातारी कठड्याला टेकून त्यांच्याकडे नाक मुरडत बघतेय, पण संध्याकाळी तिच्याच ताटलीत ते टोमॅटो. आई ही पत्रं माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. मजल्यावरची माणसं जमायची. आमच्या चाळीत काही दिवस असे होते, की ज्यांनी भायखळ्यापलीकडची मुंबई धड पाहिली नव्हती, त्यांना फिट्झरॉयमधली गल्ली नि गल्ली पाठ होती. मीही त्यातलीच. आम्हा गिरगावकरांना परळ-लालबाग म्हणजे परगावच.

तो जाऊन सहा-सात महिने झाले आणि आईने अंथरूण धरलं. नेमके तेच दिवस मुंबईत पेटलेले होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे, हरताळ, अश्रुधूर, गोळीबार, आणि वर संचारबंदी. खालच्या रस्त्यावर पोलिसांच्या बुटांशिवाय आवाज नाही. डॉक्टर चाळीतलेच म्हणून निभावलं. शेवटच्या दिवसांत आई फारसं बोलत नव्हती, पण एकच गोष्ट तिने मला दोन-तीनदा विचारली. "माझं कळेल तेव्हा त्याच्याजवळ बसायला कोण असेल गं तिथे?" मी म्हटलं, असेल कुणीतरी. मी थाप मारतेय हे तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. दादरची, परळची नातेवाईक मंडळी येऊच शकली नाहीत. आमच्या मजल्यावरचे पुरुष आणि चुलतभाऊ, एवढ्यांनीच परवाना काढून तिला चंदनवाडीला नेलं. चुलतभावानेच अग्नी दिला आणि त्यानेच दोन दिवसांनी मधूला तार केली. बोटीने यायला तीन आठवडे लागतात, तेव्हा येऊ नकोस, असंही त्यात घातलं.

त्यानंतर मधूचं जे पत्र आलं, ते मी फाडणार होते. 'आईचं कळलं. तू स्वतःला जप.' एवढं वर, आणि खाली पानभर फिट्झरॉय. कुठल्या रस्त्याची घरं किती जुनी, कुठल्या घराची खिडकी कशी... मला राग आला, आणि तो यायलाच हवा होता, असं मी आजही म्हणते. पण रागाच्या खाली आईचा प्रश्न होता. तार हातात पडली तेव्हा हा पोरगा एकटा होता का? त्याच्याजवळ कोण बसलं? कुणी बसलं की नाही? मी दोनदा पत्रातून विचारलं. उत्तर यायचं, मी बरा आहे.

दोन वर्षांनी तो परतला तेव्हा चाळीत चळवळीखेरीज दुसरा विषय नव्हता. गॅलरीत सगळ्यांनी त्याला घेरलं, की मुंबईबद्दल तिकडे काय बोलतात? मधू म्हणाला, तिकडे मुंबई कुठे आहे हेच ठाऊक नाही, पण भांडणं तिथेही आहेत. राजधानी सिडनी की मेलबर्न हा वाद मिटेना, म्हणून मध्येच रानात तिसरं गाव वसवून त्याला राजधानी केलं. आमच्या चाळीतले नाना म्हणजे सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले गृहस्थ. ते गंभीर झाले आणि मधूला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलू नकोस हां. दिल्लीवाल्यांना नसती अक्कल यायची." त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी पोट धरून हसले.

पण आईबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही. तिच्या खाटेवर तो झोपू लागला, तिच्या फोटोला सकाळी हार घालू लागला, आणि गप्प. मीही गप्प. म्हटलं, याने आपणहून विचारावं. आम्ही दोघंही एकाच आईची पोरं, हट्टात कुणी कुणाला हरायचं नाही. त्याऐवजी त्याने भलतंच काढलं. दर रविवारी चार वाजता चपला घालून दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, चल. ट्रामने जाऊन कुठेतरी उतरायचं आणि पायी हिंडायचं. मी चाळिशीला टेकल्यावर त्याने मला माझं शहर दाखवलं. परळच्या गिरण्यांच्या भिंती, लालबागचे मसाल्याचे ढीग, दादरच्या मागच्या गल्ल्या, अँटॉप हिलवरून दिसणारी मिठागरं. मी कुरकुरायचे, पाय दुखतात म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी साडेतीनलाच वेणी घालून तयार असायचे. अमुक भिंत बघ, तमुक जिना बघ, करता करता मध्येच म्हणायचा, हे अगदी रिचमंडसारखं... आणि मग थांबायचा. मला वाटायचं, आता बोलेल. बोलायचा नाही.

असंच एका रविवारी लालबागला एका चाळीखाली माणसं जमलेली दिसली. टोप्या हातात, आवाज खाली. कुणीतरी गेलं होतं. मी पदर सावरून पलीकडच्या बाजूने निघाले, तर मधू जिना चढायला लागला. मी म्हटलं, अरे, आपल्या ओळखीचं नाही कुणी. तो थांबलाच नाही. दुसऱ्या मजल्यावर दाराशी चपला काढून आत जाऊन भिंतीशी बसला. मला बाहेर उभं राहवेना, मीही बायकांत जाऊन बसले. गिरणीत जन्म काढलेले कोकणातले म्हातारे गृहस्थ होते. त्यांची मुलगी कोपऱ्यात होती. तिने आम्हाला तुम्ही कोण म्हणून विचारलं नाही. शेजारच्या बाईने सरकून मला जागा दिली, "बसा वायच" म्हणाली, बस्स. अर्ध्या तासाने मधू उठला, मी उठले. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, तसे न बोलता खाली आलो. रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाची पायरी होती. तिथे तो बसला आणि म्हणाला, "ताई, तार आली तेव्हा मी काय केलं, हेच तुला विचारायचंय ना?"

शनिवारी तार आली होती. घरमालकिणीने फार वाईट वाटलं म्हटलं आणि चहाचा पेला दाराबाहेर ठेवून गेली. साहेबांनी हात हातात घेतला, दोन दिवस सुट्टी घे म्हणाले. सगळे भले लोक, पण बसलं कुणीच नाही. तिथे रीत अशी, की दुःख झालेल्या माणसाला एकटं सोडायचं. रविवारी सकाळी त्याला ती खोली सोसेना. भर उन्हाळा, रस्ते ओस. तो ट्राममध्ये बसला, फिट्झरॉयला उतरला, आणि एका गल्लीत एका घराचं दार उघडं दिसलं. कठड्याशी माणसं, हॅटी हातात. "मला काही विचार करावाच लागला नाही गं," तो म्हणाला. "दार उघडं, टोप्या हातात, म्हणजे जायचं असतं. आपल्याकडे बोलावणं कुठे लागतं?" उंबऱ्याशी बूट काढून तो आत गेला. पुढच्या खोलीत शवपेटी ठेवलेली. लोक खुर्च्यांवर, आणि हा सरळ भिंतीशी जमिनीवर मांडी घालून बसला आणि रडला. मयत गृहस्थ गोदीत कामाला होते, तेव्हा लोकांना वाटलं, बोटीवरचा कुणी खलाशी असेल, फार जीव असेल बिचाऱ्याचा. तासाभराने, आपल्या रीतीप्रमाणे, चकार शब्द न बोलता तो उठून चालू लागला. गल्लीच्या टोकाला पोचतो तो मागून एक मुलगी धावत आली. तिच्या हातात याचे बूट! हा मोज्यांवरच निघाला होता. तिने विचारलं, तुम्ही बाबांना कुठून ओळखत होता? मधू म्हणाला, नाही ओळखत. माझी आई गेली.

ती मुलगी म्हणजे नोरा. तिने त्याला हाताला धरून परत नेलं आणि आपल्या आईला, मिसेस फॅलनना, सांगितलं. त्या बाईंनी काय करावं? आपल्या शेजारची खुर्ची रिकामी करायला लावली आणि नात्यातल्या माणसांच्या ओळीत याला बसवलं. येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या नवऱ्याबद्दल दोन शब्द बोलायचा, आणि मग मधूचा हात हातात घेऊन त्याच्या आईबद्दल वाईट वाटलं म्हणायचा. संध्याकाळी प्रार्थना झाली तेव्हा त्यांनी आईचं नाव विचारून घेतलं. यमुना हे नाव त्यांच्या पाद्र्याला काही केल्या नीट म्हणता येईना, पण म्हटलं त्याने. मग दहा दिवस मधू रोज संध्याकाळी त्या घरी जाऊन बसायचा. फिट्झरॉयमधल्या गल्ल्या त्याला दाखवल्या त्या पुढे याच बाईंनी, कुठल्या घरात कोण जन्मलं, कोण गेलं ते सांगत.

मी म्हटलं, हे लिहिलं का नाहीस मला? तर म्हणाला, "तू म्हणाली असतीस, परक्यांच्या घरी जाऊन रडलास, आणि बहिणीला दोन ओळी धड लिहिता आल्या नाहीत." खरंच म्हणाले असते. मग मी त्याला आईचा प्रश्न सांगितला. इतकी वर्षं कुणालाही न सांगितलेला. तो म्हणाला, "तिला सांगायला हवं होतं गं... घरभर माणसं होती म्हणून." आणि लालबागच्या त्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, आम्ही दोघं आईसाठी एकत्र रडलो. पहिल्यांदाच. मग त्याने तिच्या शेवटच्या आठवड्याची हकिकत माझ्याकडून बारीकसारीक विचारून घेतली. घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते.

यंदा महाराष्ट्र झाला. मुंबई आपल्याला मिळाली. रोषणाई बघायला तो मला घेऊन दादरपर्यंत पायी गेला, आणि येताना म्हणाला, आता सरकार आपलं आलं, तेव्हा चाळी पाडताना आपल्याच माणसांशी भांडावं लागणार, ते जास्त अवघड. त्या भांडणाच्या तयारीसाठीच तो वरळीला खोल्या मोजत होता... आता तेही काम दुसरं कुणीतरी करील. आईची खाट, मग त्याची खाट, आता रिकामी आहे. रविवारी साडेतीन वाजले की माझे हात अजून वेणीकडे जातात.

माझ्याकडे सगळे आले. वरळीचे लोक आले, लालबागच्या त्या घरी मधू पुढेही जात राहिला होता, तिथलेही आले, घर महिनाभर भरलेलं होतं. मला त्या बाबतीत काही कमी पडलं नाही. राहिल्या होत्या त्या मिसेस फॅलन. आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत, एकट्या राहतात. त्यांची गल्ली पाडायची म्हणून अर्धी घरं रिकामी झालीत. मधूवर त्यांचा मुलासारखा जीव, त्यांची पत्रं तो मला वाचून दाखवायचा. त्यांना कळवायचं म्हणून मी तीन वेळा कागद पुढे ओढला आणि तीन वेळा बाजूला ठेवला. शेवटी त्यांना लिहिलंच नाही. दोन ट्राम-थांबे पलीकडे राहणाऱ्या नोराला लिहिलं, माझ्या मास्तरणीच्या इंग्रजीत. सगळं सांगितलं आणि खाली लिहिलं, की हे वाचून झालं की आईकडे जा, चहा कर, तिच्या शेजारी बस, आणि मग सांग. पत्र टाकून दहा-बारा दिवस झाले. आज रविवार आहे, नोराला सुट्टी. एव्हाना त्या दोघी बसल्या असतील.