धर्माचा रकाना

बोरिवलीला नॅशनल पार्कच्या गेटाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दर शनिवारी तिथे चर्चच्या एक वयस्कर सिस्टर येतात. पायात कॅनव्हासचे बूट, त्यांवर पाड्यावरची लाल माती. जंगलातल्या वारली पोरांची त्या शिकवणी घेतात. प्रत्येक कॉपी उजेडाला धरून म्हणतात, "जरा काळी काढ ना बाबा, आमचा बल्ब मिणमिणता आहे."

मला ती शिकवणी खटकायची. पोरांना बाटवत असणार, असं मी धरूनच चाललो होतो. कॉपी काढताना येशूचं काही सापडतंय का ते बघायचो. सापडायचं बीजगणित. तरी मी त्यांना कधी बसा म्हटलं नाही.

परवा सिस्टर शिकवणीतल्या एका मुलीला घेऊन आल्या. कॉलेजच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. मुलीने धर्माच्या रकान्यात 'ख्रिश्चन' लिहिलं होतं. सिस्टरांचं बोट तिथेच थांबलं.

"हे कोणी सांगितलं गं?"

"कोणी नाही. तुम्ही एवढं शिकवता, म्हणून."

"घरी कोणाला पूजता?"

"वाघोबाला."

"मग मला खूश करायला खोटं कशाला? जा, आईला विचारून ये काय लिहायचं ते. मी थांबते."

मुलगी पाड्याकडे पळाली. सिस्टरांनी माझ्याकडे कोरा फॉर्म मागितला.

दुपारी एकला मी शटर ओढून जेवायला जातो. त्या दिवशी काउंटरमागचं माझं स्टूल बाहेर आणून ठेवलं.

"बसा सिस्टर," मी म्हटलं, "येईल ती. दुकान उघडंच आहे."