हौशीराम भावजींचा शिवेवरचा नारळ

हौशीराम म्हणजे माझे धाकटे दीर. एरवी घरात त्यांना चहासुद्धा कोणी विचारून करत नाही. पण गावात एक मान त्यांचा. यात्रेला भैरोबाची पालखी शिवेवर गेली की नारळ त्यांनी फोडायचा. एक भकल आपल्या गावाला, दुसरी शिवेपलीकडच्यांना. दिवस मावळायच्या आत. त्या दिवशी फेटा बांधून ते सरपंचाच्याही पुढं चालायचे.

मग आमचं करंजपूर शेजारच्या शहरात गेलं. गेलं म्हणजे, आम्ही जागच्या जागीच, पाटी तेवढी बदलली. रस्ता रुंद झाला आणि शिवेचा दगड नेमीचंद शेठच्या दुकानाच्या पायरीखाली गाडला गेला. ते दुकान आधीपासूनच मजेशीर. शेठची गादी शहरात आणि गिऱ्हाईक उभं करंजपुरात.

यंदा पोरं म्हणाली, "आबा, आता मधी शिवच नाय. नारळ देवळात पुजारी फोडंल."

भावजींचा फेटा हातातच राहिला. म्हणाले, "शिव नाय कशी? गाव वाढलं, शिव लांब गेली. तिथं जाऊ."

"भावजी, गुडघ्यांचं काय?"

"वैनी, गुडघं टेंपोत बसतील."

देव टेंपोत, भावजी देवाशेजारी. मीही चढले. म्हातारीला कोण नको म्हणतंय. पण शहर संपतं कुठं, हे कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणे पेट्रोल पंपाशी, कोणी म्हणे त्याच्याही पुढं, कोंबड्यांच्या शेडपाशी. शेडपाशी उतरून भावजींनी नारळ उचलला, तशी पलीकडच्या वाडीची चिमाबाई खुरपं घेऊन पळत आली. मागं सगळी वाडी.

"थांबा भाऊ. आमालाबी घेतलं का शहरात?"

"नाय बाई, मी नुसता नारळ फोडतुय."

"तुमच्या गावातबी आधी नुसता नारळच फोडला व्हता. मंग रस्ता आला, मंग घरपट्टी." तिनं भावजींचं मनगटच धरलं. "इथं नगं. आमी अजून गाव हाय."

परतलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. टेंपो नेमीचंद शेठच्या दारात थांबला. भावजी पायरीवर बसले, नारळ मांडीवर. "वैनी, पुढल्या साली पुजाऱ्यालाच सांगा."

मी म्हटलं, "सरकारनं शिव काढली, दगड कुठं काढला? बसलाय कशावर तुमी?"

भावजी उठले, पायरीकडं बघितलं, फेटा सारखा केला आणि तिथंच नारळ फोडला. एक भकल टेंपोतल्या देवापुढं ठेवली, दुसरी दुकानात पुढं केली.

शेठ हसले. "मला कशाला, हौशीराम? आता आपण एकाच गावचे."

भावजींचा हात तसाच अधांतरी. शेठची बायको कंचनबाई आतून शेठकडं नुसत्या बघत राहिल्या. शेठचं हसू विरलं. त्यांनी टोपी घातली, गादीवर नीट मांडी घातली.

"या पावणं. कंच्या गावचं?"

"करंजपूरचं," भावजी म्हणाले.

"लई लांबून आलात," शेठ म्हणाले, आणि भकल दोन्ही हातांनी घेतली.