सत्तावीस अमोएना

मामा सरकारी बागेत माळी होता. आईचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा. तोंडाने फटकळ, पण कामातलं काही सांगायचं झालं की हातचं राखून सांगायचा. दाढीवाल्या आयरिसचे शंभर वर्षांपूर्वीचे वाण त्याने जगवले होते. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबणाऱ्या, त्यांच्यावर केसाळ पट्टा, तीच दाढी. प्रत्येक झाडापाशी पत्र्याची पट्टी. पण तिच्यावर वाणाचं नाव नाही, नुसता जुना वर्ग. वरच्या पाकळ्या पांढऱ्या नि खालच्या रंगीत, तर ‘अमोएना’. वर पिवळं नि खाली तपकिरी-लाल, तर ‘व्हेरिएगाटा’. फिक्या पाकळीच्या कडेला टाके घातल्यासारखे ठिपके, तर ‘प्लिकाटा’.

“नावं का लिहीत नाहीस?” मी विचारायचे.

“नाव वाचलं की चोराला किंमत कळते. नावं इथं आहेत!” आणि तो कपाळावर टिचकी मारायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, बोलणं गेलं, उजवा हातही गेला.

तो इस्पितळात असताना बागेत नवे साहेब आले. फुलं केव्हाच संपली होती, वाफ्यांत नुसती पानं. साहेबांनी पट्ट्या वाचल्या आणि अमोएना हेच वाणाचं नाव समजले. एकाच वाणाची सत्तावीस झाडं कशाला? एक ठेवा, बाकी उपटा. प्लिकाटाही एक, व्हेरिएगाटाही एक. उपटलेले कंद मुकादमाने वाळवून जाळले.

मी भांडायलाच गेले. साहेब चक्क रडवेले झाले. “ताई, हा वर्ग आहे हे मला कोण सांगणार? नावं द्या, दुसऱ्या बागांतून मागवतो.”

वरातीमागून घोडं! पण मी घरी येऊन मामाच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. “मामा, अमोएनांची नावं लिही ना. सगळी.”

त्याचा चेहरा उजळला. दुपारभर तो लिहीत होता. थांबायचा, डोळे मिटून आठवायचा, मग पुढची ओळ. कागद भरल्यावर त्याने तो माझ्यापुढे सरकवला. प्रत्येक ओळीत एकच शब्द होता, अमोएना.

मला त्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं एक नाव तरी सांगायचं होतंस, असं ओरडावंसं वाटलं. तो एकेका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहत होता, कळलं ना म्हणून. मी प्रत्येक ओळीला हो म्हटलं.