पाळीचे पाणी : गडचिरोलीच्या परिषदेतला माझा पहिला निबंध

१. गडचिरोलीतल्या एका परिषदेत मी माझा पहिला शोधनिबंध सादर केला.
२. त्याचा मुख्य निष्कर्ष चूक आहे, हे मला आदल्या दिवशी दुपारी कळलं.
३. माझ्या मार्गदर्शक सरांनी फोनवर सांगितलं, आहे तसाच वाच.
४. मी तसा वाचला नाही.
५. चुकीचा गोषवारा छापील पुस्तिकेत तसाच आहे, आणि पुस्तिका सभागृहातल्या प्रत्येकाला मिळाली आहे.

पहिल्यांदा परिषदेला निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. प्रवासाची माहिती आहेच, पण तेवढीच नाही.

पुण्याहून रेल्वेने चंद्रपूरला पोचले. माझं घर ऊर्जानगरच्या क्वार्टर्समध्ये. वडील मूळचे साताऱ्याचे, वीज केंद्रातल्या नोकरीमुळे इकडे आलेले. मी इथल्या शाळेत शिकले, कंपनीच्या बसने गेले-आले, पण घरात बोलले ते साताऱ्याचं मराठी. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढची चूक त्यातून झाली.

पहिला सल्ला: परिषदेला एक दिवस आधी निघा. स्लाइड्स पीडीएफमध्येही ठेवा. आयोजकांच्या संगणकावर मराठी अक्षरं फुटतात, माझी फुटली. पेनड्राइव्ह दोन घ्या. निबंधाची छापील प्रत बॅगेत ठेवा.

परिषदेच्या आदल्या दिवशी सकाळी चंद्रपूरहून एसटीने मूल हे तालुक्याचं गाव गाठलं. बायकांना अर्धं तिकीट आहे. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना जंगल. स्वतःची गाडी असेल तर मध्ये फोटोसाठी उतरू नका. वाघाची गंमत फक्त लांबून ऐकताना वाटते. मूलच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री, म्हणजे तिखट रस्सा, वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर पोह्यांवर किती ओततील सांगता येत नाही. तिथून सावली गावाकडे जाणारी गाडी पकडली आणि मध्येच एका गावात उतरले. तिथला तलाव हाच माझ्या निबंधाचा विषय होता.

तलाव जुना, मालगुजारांच्या म्हणजे इथल्या जमीनदारांच्या काळातला. खाली धानाची शेती, पाण्यात गावातल्या मच्छीमार सोसायटीची मासेमारी. ऑगस्टात मी तिथे पाण्याची पातळी नोंदवणारं यंत्र बसवलं होतं. शिवाय सोसायटीतल्या सुमनबाई रोज सकाळी मोजपट्टी वाचून वहीत आकडा लिहायच्या आणि बाजूला शेरा. वहीची पानं त्या मला फोनवर पाठवायच्या. अकरा दिवशी पातळी नेहमीपेक्षा बरीच जास्त उतरली होती आणि त्या अकराही दिवसांपुढे एकच शेरा होता: पाळीचे पाणी.

मी त्याचा अर्थ लावला, तलावाच्या पाळीतून, म्हणजे बांधातून, झिरपणारं पाणी. पाणी सोडायचं तोंड कागदोपत्री बंद होतं, त्यामुळे दुसरी शक्यता मला दिसली नाही. निष्कर्ष लिहिला: पाळ गळते आहे, तलाव रिकामा करून दुरुस्ती करावी.

सुमनबाईंच्या अंगणात सोसायटीचे अध्यक्ष देवाजीभाऊ जाळं दुरुस्त करत बसले होते. उद्या काय वाचणार, असं त्यांनी विचारलं. मी गोषवारा वाचून दाखवला. देवाजीभाऊंचा हात थांबला.

"तलाव रिकामा? आता? माशाची बोटुकली टाकून चारच महिने झाले, बाई. मासे का आभायात ठेवू?"

"पण गळती आहे ना. सुमनबाईंच्या वहीतच आहे."

"मी कवा लिवली गळती?" सुमनबाई भाताचं पातेलं तसंच ठेवून बाहेर आल्या.

मी फोनवरचं पान दाखवलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं.

"पाळीचं पाणी. शेतकऱ्यायची पाळी. आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या. पाऊस गेला का धानाले पाणी सोडतेत."

"तोंड तर बंद आहे."

"कागदावर बंद असन. लाकडाचा बुच काढला का सुरू."

"मग पाळ?"

"त्याले आमी पार म्हणतो. पाळ कोण म्हणते इथी?" आणि मग कुंपणापलीकडच्या शेजारणीकडे वळून, "येवढी शिकली पोरगी, पाळी कायले म्हणतेत ते माहीत नाई तिले!"

शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. देवाजीभाऊही हसत नव्हते.

"हे उद्या सायबायपुढं वाचान तुमी?"

"नाही," मी म्हणाले. तेव्हा ते नक्की कसं जमणार, हे मला माहीत नव्हतं.

जेवायला भात आणि झिंग्यांची भाजी होती. चव सांगता येणार नाही, कारण एका हाताने मी लॅपटॉप चालवत होते. ते अकरा दिवस वगळून गणित पुन्हा केलं. उरलेल्या दिवसांची घट बाष्पीभवन आणि तळातून नेहमी मुरणारं पाणी यांत पूर्ण बसत होती. पाळ गळते याचा माझ्याकडे एकही पुरावा उरला नाही.

सरांना फोन केला. निबंधावर माझ्यासोबत त्यांचं नाव आहे.

"गोषवारा छापून झालाय," ते म्हणाले. "आहे तसाच वाच. शंका असेल तर 'अधिक अभ्यासाची गरज' अशी ओळ शेवटी टाक."

"सर, शंका नाही. चूक आहे."

"पहिल्याच परिषदेत स्वतःला खोडणार का?"

मी फोन ठेवला. शेवटच्या गाडीची वेळ झाली होती. वैनगंगेचा पूल ओलांडताना मी स्लाइड्स बदलत होते. नदी पाहायची राहिली.

गडचिरोलीत आयोजकांनी वसतिगृहात सोय केली होती. खोल्या स्वच्छ, पांघरूण मात्र स्वतःचं न्या. डिसेंबरात थंडी कडक असते.

सकाळी चहाच्या टेबलाशी तलावदुरुस्तीचं काम पाहणारे एक सरकारी अभियंता स्वतःहून भेटले. त्यांच्या हातातल्या पुस्तिकेत माझ्या गोषवाऱ्याखाली पेनाने रेघ होती. "चांगलं काम आहे," ते म्हणाले. "तलाव आमच्या यादीत घेतो. उन्हाळ्याआधी रिकामा करू." मी त्यांना सत्राला थांबायला सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही. चहाच्या टेबलावरचं बोलणं कुठल्याही नोंदीत राहत नाही.

दहा मिनिटं मिळाली होती. पहिली स्लाइड होती: पुस्तिकेतला निष्कर्ष मी मागे घेते आहे. दुसऱ्या स्लाइडवर वहीचं पान, तिसऱ्यावर नवं गणित. टेबलाला टेकून उभी राहिले. तुम्हीही टेकू शकता, कुणाला कळत नाही. सत्राध्यक्षांनी विचारलं, "हे तुम्हाला चार महिन्यांत कसं कळलं नाही?" मी म्हणाले, "विचारलं नाही म्हणून." त्यांनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या.

अभियंता दारात थांबले होते. "मला पटलं," ते म्हणाले. "पण फायलीत छापलेलंच जातं. दोन्ही लेखकांच्या सह्यांचं पत्र द्या, मी यादीतून काढतो."

सरांनी चौथ्या दिवशी सही केली. पत्र पोचलं आणि अभियंत्यांनी शब्द पाळला. पण त्यांनीच फोन करून सांगितलं की माझ्या गोषवाऱ्याचा फोटो आणखी एका कार्यालयात गेला आहे आणि तिथेही तलाव रिकामा करण्याचा कागद तयार होतो आहे. कोणतं कार्यालय, कुणी पाठवला, त्यांना माहीत नाही.

परत येऊन आठ दिवस झाले. पुण्यात माझ्या टेबलावर सुमनबाईंच्या वहीची सगळी पानं छापून ठेवली आहेत. प्रत्येक शेरा मी त्यांना फोन करून विचारते आहे. त्या दर वेळी आधी हसतात, मग सांगतात. निबंध पाठवण्याआधी हे केलं असतं तर दोन दिवस लागले असते. तुमच्या नोंदवहीत ज्यांचं अक्षर आहे, त्यांना निष्कर्ष आधी वाचून दाखवा. माझ्याकडे याहून उपयोगी सल्ला नाही.

आता विनंती. परिषदेला आलेल्यांपैकी ज्यांनी माझ्या गोषवाऱ्याचा फोटो किंवा प्रत कुठल्याही कार्यालयाला पाठवली असेल, त्यांनी ते कार्यालय कोणतं एवढंच खाली लिहावं. चांगल्या हेतूनेच पाठवला असणार, मी कारण विचारणार नाही. सह्यांच्या पत्राची दुसरी प्रत तयार आहे, फक्त पत्ता नाही. सोमवारी तो कागद मंजुरीला पुढे जाणार, एवढंच अभियंत्यांच्या कानावर आलं आहे. कृपया शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.