पंखा बंद, शिट्टी चालू

माझा धाकटा भाऊ पंखे दुरुस्त करतो. शाळेत आम्ही दोघंही टिकलो नाही. तो टिकला तो पंख्यांच्या मोटारींपाशी. दुकान एवढंसं, की आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास रस्त्यावर घ्यावा. पण कान असा, की पंखा फिरताना नुसता ऐकून सांगायचा, "बेअरिंग गेलंय." त्या कानावर त्याचं घर चाललं.

मध्यंतरी एका बाईंचा पंखा त्यानं पुन्हा पुन्हा उघडला. बेअरिंग बदललं, तेल घातलं, तरी म्हणे बारीक शिट्टी येतेय. शेवटी माझी भावजय म्हणाली, "अहो, बटण बंद आहे."

शिट्टी ह्याच्या कानात!

डॉक्टरकडे जायचं सोडून गडी मोबाईल घेऊन बसला. ह्या दुखण्याला टिनिटस म्हणतात, एवढं कळलं. पुढे सगळा गोंधळ. एक सांगे, लसणाचं तेल घाला. दुसरा सांगे, मेंदूत गाठ असेल. तिसऱ्याकडे थेंबांची बाटली, आठवड्यात कान ठणठणीत. सकाळी हा गाठीनं मरायचा, दुपारी थेंबांनी जगायचा.

"ताई, धंदा बुडाला गं. आवाजच कळला नाही तर काय डोंबल दुरुस्त करू?"

डोळे भरले होते त्याचे, म्हणून मी हसू गिळलं.

भावजयीनं मोबाईल ओढून घेतला. "हे लिहिलंय कोणी? नाव नाही, तारीख नाही, खाली बाटली विकायला ठेवलीय. अशा माणसाकडून तुम्ही स्क्रू तरी घ्याल का?" शोधून तिनं कानाच्या डॉक्टरांनी नावानिशी लिहिलेलं एक पान काढलं. आवाज पूर्ण जाईलच असं नाही, पण त्रास कमी करता येतो, आधी कान तपासून घ्या, असं त्यात होतं.

"हे मी कालच वाचलंय," भाऊ कुरकुरला.

"मग गेला का नाहीत?"

"त्यात नक्की बरं होईल असं कुठं लिहिलंय?"

घ्या! खरं बोलला म्हणून बिचारा डॉक्टर नापास.

तिनं त्याला धरून तपासायला नेलं. गाठबीठ काही नव्हती. वर्षानुवर्षं दुकानातल्या लोखंड घासायच्या ग्राइंडरच्या कर्कश आवाजात बसून कानाची धार गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिट्टी राहील, पण कामात मन रमलं की मागे पडेल. यंत्रापाशी कान झाका, आणि ते लसणाचं तेल भाजीत घाला.

आता दुरुस्त केलेला पंखा लावला की तो मोटारीच्या पाठीवर तळहात टेकवून थरथर बघतो. मग खात्रीसाठी हाक मारतो, "अगं, वाजतोय का?"

"पंखा गप्प आहे," भावजय म्हणते. "तुम्हीच वाजताय."

गिऱ्हाईक हसतं, तोही हसतो, आणि पुढचा पंखा उघडतो.