आईच्या हिरड्यांचा फोटो

आई बुधवारी गेली. भेटायला येणारे तिच्या शेवटच्या आजाराबद्दल विचारतात. मला मात्र सारखे तिच्या दातांचे डॉक्टर आठवतात.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपतानाची. त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी कळवणकडची आई लग्न होऊन नाशिक रोडला आली होती, ती मिश्रीची सवय घेऊनच. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड रोज सकाळी बोटाने हिरड्यांना घासायची. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा तिने मिश्री दिवसातून दोनदा सुरू केली. तिच्या माहेरी यावर हेच औषध होतं. मग खालचे दात हलू लागले. शेजारच्या काकू कवळी बसवल्यापासून भाकरी दुधात कुस्करून खात. ते पाहून आईने हाय खाल्ली होती. तरी मी तिला दाताच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा शिरताच म्हणाली, "काढून टाका सगळे. एकदाची कटकट मिटंल."

डॉक्टर तरुण होते. बारीक सळईने त्यांनी दातादाताभोवती हिरडीची खोली मोजली.

"मावशी, एक्स-रे फोटो काढल्याशिवाय मी एकही दात काढणार नाही."

"दुखतंय हिरडीत अन् फोटो दाताचा?"

"हिरडी वरून दिसते. तिच्याखाली हाड किती उरलंय, ते मला कसं दिसणार?"

फोटो कशाला, असं मीही जरा चढ्या आवाजात विचारलं. ते चिडले नाहीत. "नुसती सूज असती तर कदाचित नसता काढला. इथं दात हलताहेत."

फिल्मचा छोटा तुकडा दाताच्या आतल्या बाजूला बोटाने दाबून धरायचा होता.

"बोट हलवू नका हं."

"तीस वर्षं हेच बोट हिरडीवर हाय. मला काय शिकवता?"

डॉक्टर खो खो हसले. फोटो पहिल्याच खेपेला नीट आला.

ओली फिल्म उजेडाकडे धरून त्यांनी दाखवलं. खालच्या दोन दातांभोवती हाड जवळजवळ नव्हतंच. दाढांभोवती कमी होतं, पण होतं.

"हे दोन जातील. बाकीचे वाचवू. पण मिश्री सुटली पाहिजे."

"झिजलेलं हाड परत येतं का?"

"नाही मावशी. आहे ते जपायचं."

चार खेपांत त्यांनी हिरड्या आतून साफ केल्या. मिश्री सोडताना आईने आठवडाभर सगळ्यांवर आगपाखड केली, बडीशेप चघळली, पण सोडली. पुढे तपासणीची तारीख तीच मला आठवण करून द्यायची.

त्या दाढांनी ती शेवटपर्यंत चावून जेवली. आता घरात मी एकटाच जेवतो, आणि त्या डॉक्टरांचे आभार मानायचे राहिले आहेत.